रिकामटेकड्या माश्यांचा बंदोबस्त

एकोणीसशे एक्क्याऐंशीच्या माघात अड्याळच्या कृष्णराव लांजेवारांनी आपल्या घरातून दोन प्रकारचे रिकामटेकडे हाकलून द्यायचं ठरवलं. पहिल्या प्रकाराला सहा पाय होते. दुसऱ्या प्रकाराचं नाव टिकाराम, आणि तो त्यांच्या बायकोचा, म्हणजे सत्यभामाबाईंचा, सख्खा धाकटा भाऊ होता.

सहा पायांचं प्रकरण सोपं वाटलं म्हणून त्यांनी तिथून सुरुवात केली. चूक इथेच झाली, असं पुढे सगळा गाव म्हणाला. सगळा गाव म्हणजे शेजारचे भय्याजी.

पेटीपासून सांगू

दिवाळीनंतर, मंडईच्या जत्रेची गर्दी ओसरल्यावर, मधाच्या ऑफिसातून गावात पेट्या आल्या. लाकडी पेटी, आत चौकटी, चौकटींवर माश्या. एक कृष्णरावांनी घेतली. कृष्णरावांनी घेतली म्हणून एक भय्याजींनी घेतली. दोघांच्या परसांमध्ये एक कुडाचं कुंपण होतं आणि त्या कुंपणाच्या दोन बाजूंना दोन पेट्या एकमेकींकडे पाठ करून बसल्या.

कृष्णराव पाटबंधारे खात्यात कारकून. तलावात पाणी किती, हे लिहायचं. पाणी वाढलं की वाढलं लिहायचं, आटलं की आटलं लिहायचं, यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. अशा माणसाच्या परसात एकाएकी हजारो कर्मचारी आले, आणि तेही कसे, तर उन्हाची तिरीप पडली की कामावर हजर, दिवे लागले की परत, मध्ये चहा नाही, रजेचा अर्ज नाही, मावशीचं तेरावं नाही! कृष्णराव रोज सकाळी पेटीशेजारी खुर्ची टाकून बसू लागले. त्या खुर्चीत बसल्यावर त्यांना आपण साहेब झाल्यासारखं वाटे. माश्यांना तसं काही वाटत नसावं. एकदोघींनी तसं दाखवूनही दिलं.

आणि माघात ते काळे आले.

जाडजूड, काळेकुट्ट, डोक्यापेक्षा डोळे मोठे. सकाळी यांचा पत्ता नसे. दुपारी जेवणं आटोपली की पेटीच्या दाराशी यायचे, मोटारपंप सुरू केल्यासारखा आवाज काढायचे, परसावर दोन घिरट्या घालायचे आणि कुठेतरी निघून जायचे. उन्हं कलल्यावर परत. अंगावर परागाचा कण नाही, तोंडात मधाचा थेंब नाही. आणि आत गेल्यावर कामकरी माश्या त्यांना हाकलायच्या सोडून तोंडात घास भरवत!

कृष्णरावांना हा दिनक्रम कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला. तेवढ्यात मागे ओसरीवर बाज करकरली. टिकाराम उठला होता. त्यानं राजाच्या आवाजात घसा साफ केला, कारण मंडईच्या नाटकात तो राजा व्हायचा. मग डोक्याला तेल लावलं, अंगणातून दोन येरझारा घातल्या आणि तो पानठेल्याकडे निघून गेला.

कृष्णरावांनी पेटीकडे पाहिलं. मग रस्त्याकडे पाहिलं. मग पुन्हा पेटीकडे.

सल्ले

भय्याजींचा सल्ला, पहिला : "डाकू होत ते, कृष्णराव. बाहेरून येऊन राहिले. मिरचीचा धूर द्या."

दिला. काळे हलले नाहीत. लांजेवारांचं कुटुंब रस्त्यावर आलं. वारा फिरला तेव्हा भय्याजींचंही आलं.

भय्याजींचा सल्ला, दुसरा, पहिला रद्द करून : "डाकू नसन. राणीच्या माहेरचे असन. तुमच्या घरी तशी पद्धतच हाये."

हा सल्ला नव्हता, हे कृष्णरावांच्या ध्यानात जेवताना आलं, आणि मग जेवण गेलं नाही.

शेवटी ते भंडाऱ्याला मधाच्या ऑफिसात गेले. पर्यवेक्षक कापगते साहेब दौऱ्यावर होते. दौरा कुठे, तर अड्याळला. कृष्णराव अड्याळला परतले, तेव्हा कळलं की साहेब येऊन, कृष्णराव घरी नाहीत असा शेरा मारून गेले. पुढच्या खेपेला साहेब सापडले, पण टेबलाच्या पलीकडून उठलेल्या अवस्थेत.

"नर आहेत ते," साहेब कोट चढवत म्हणाले. "काम करत नाहीत. डंखही नसतो. नुसतं खातात. फारच झाले असतील तर थोडे कमी करा. पण—"

साहेबांच्या 'पण'च्या पुढे बरंच काही असणार. पण कृष्णरावांची यष्टी सुटत होती. त्यांना हवं होतं ते मिळालं होतं. काम करत नाहीत, नुसतं खातात. सरकारी माणसानं, ऑफिसात उभं राहून, तोंडी का होईना, दिलेला हा निर्णय होता.

पैज

तो निर्णय त्यांनी त्याच संध्याकाळी सत्यभामाबाईंना वाचून दाखवल्यासारखा सांगितला. नर, काम, खाणं, कमी करणं. सांगताना नजर ओसरीवरच्या बाजेकडे जाऊ नये म्हणून त्यांनी ती मोठ्या कष्टानं चुलीवर ठेवली.

सत्यभामाबाई भाकर थापत होत्या. त्या थापतच राहिल्या.

"माह्या भावाबद्दल बोलून राहिले का तुम्ही?"

"मी माशीबद्दल बोलून राहिलो."

"माशी कायले आणता मंधात? मायबाप गेले तवा हा एवढासा होता. दिघोरीच्या मोठ्या भावानं घराबाहेर काढला. आता मी काढू? याचं लगन व्हायचं हाये. नाटकात काम करते म्हटलं का कोणी पोरगी दाखवत नाही. भाऊजीच्या घरी राहते, भाऊजी सरकारी नोकरीत हाये, असं सांगतो मी लोकाइले. ते कोणाच्या तोंडानं सांगू मंग?"

"पण घरात एक माणूस बिनकामाचा असला तं घर चालते कसं, एवढंच माह्यं म्हणणं हाये."

इथे सत्यभामाबाईंनी हातातली भाकर तव्यावर टाकली आणि पहिल्यांदा वर पाहिलं.

"असं का? मंग तुमच्या पेटीतले काढून दाखवा. मोहफुलं संपेपर्यंत पेटी मधानं भरली, तं मी आपल्या हातानं टिकारामची टिरंक भरून देतो. जाऊ दे त्याले कोठी जाते तं. अन् नाही भरली तं या घरात पुन्हा ह्यो विषय काढायचा नाही. मरेपर्यंत."

ओसरीवरची बाज एकदम करकरायची थांबली.

कृष्णरावांनी "मंजूर" असं म्हटलं. ऑफिसात हा शब्द त्यांना कधी वापरायला मिळाला नव्हता.

कामकऱ्यांचं स्थलांतर

पैजेला आठवडाही झाला नसेल. सकाळी परसात असा आवाज उठला की वीटभट्टी हवेत उडाली असावी. पेटीतून माश्यांचा लोट बाहेर पडला, भय्याजींच्या आंब्याला घोस होऊन लटकला, आणि गल्लीतल्या बायका घोस खाली बसावा म्हणून ताटल्या बडवत असताना तो तिथून उठून तलावाकडे निघून गेला. एवढ्या ताटल्या वाजत असताना कोण बसेल, हे कृष्णरावांचं मत होतं. पण ते स्वतःही एक परात बडवत होते.

पेटीत अर्ध्याच माश्या उरल्या. आणि उरलेल्यांत ते काळे सगळेच्या सगळे!

कृष्णराव खुर्चीत बसले. त्यांना सगळं लख्ख समजलं, आणि माणसाला सगळं लख्ख समजतं तेव्हा त्याला कोणी आवरू शकत नाही. कामकरी लोक कंटाळून निघून गेले. रात्रंदिवस राबायचं आणि या लोकांना घास भरवायचे? गेले बिचारे. उरलेले जायच्या आत बंदोबस्त केला पाहिजे.

पेटीसोबत ऑफिसानं पत्र्याची एक छोटी जाळी दिली होती. ती कशासाठी, हे कोणी सांगितलं नव्हतं. पेटीसोबत आली म्हणून ती कृष्णरावांनी जपून ठेवली होती. आता त्यांनी ती दाराला लावून पाहिली. फटी अशा की कामकरी माशी अंग चोरून जाईल, जाड्याला जाता येणार नाही. जाळी बनवणारा माणूस त्यांना देवासारखा वाटला.

दुपारी काळे नेहमीप्रमाणे उंडारायला गेले आणि कृष्णरावांनी दाराला जाळी ठोकली. खिळे टिकारामनं धरले. हे विशेष. त्यानं स्वतःहून धरले, जाळी सरळ बसली की नाही हे डोळा बारीक करून पाहिलं आणि विचारलं, "आता भरन नं पेटी, भाऊजी?"

"भरन," कृष्णराव कठोरपणे म्हणाले. मेहुण्याच्या आवाजातली धाकधूक त्यांना फार आवडली.

प्रवेश

(कुडाचं कुंपण. अलीकडे कृष्णराव, पलीकडे भय्याजी. दुपार टळलेली.)

भय्याजी : कृष्णराव, तुमचे बेकार लोक माह्या पेटीत जेवून राहिले.

कृष्णराव : कशावरून माझे?

भय्याजी : तुम्ही दार लावलं. मंग ते जातीन कोठी? माह्या माश्यांनी त्याइले एका शब्दानं विचारलं नाही. घेतलं घरात. जशी आमची मालकीण तशा माश्या.

कृष्णराव : माश्यांवर नाव असते का?

भय्याजी : नाव टाकू. पोळ्याच्या बैलाच्या शिंगाचा रंग उरला हाये. तुमच्या जाळीवर जे येऊन बसतीन त्याच्या पाठीवर लाल टिकली लावा. माह्याकडे लाल पाठ दिसली का तुमचा.

(टिकाराम काडी घेऊन येतो. काळे डंख मारत नाहीत म्हणून त्यांना हातावर घेऊन, नटांना रंगवावं तसं एकेकाला रंगवतो. दुसऱ्या दिवशी तीच वेळ.)

भय्याजी : या, पाहा! लालच लाल!

कृष्णराव : अन् तुमचेच काल फिरत फिरत माह्या जाळीवर येऊन बसले नसतीन कशावरून? तेच टिकारामनं रंगवले.

(भय्याजी डोकं खाजवतात. ही शक्यता त्यांनी धरली नव्हती. दोघेही सरपंचाकडे जातात.)

सरपंच : माशीचं राशन कार्ड नसते, बाप्पा. चहा घ्या.

शांतता

जाळी लावल्यावर लांजेवारांच्या परसात फार सुंदर शांतता पसरली. कामकरी माश्या जाळीतून अंग चोरून जात, अंग चोरून येत. दुपारी मोटारपंप नाही, घिरट्या नाहीत. कृष्णराव ऑफिसातही पेटीविषयी बोलू लागले. शिस्त, म्हणाले. एक जाळी लावली की झालं. वरिष्ठांकडे ते जरा रोखून पाहत असत, असं नंतर वरिष्ठ म्हणाले.

सत्यभामाबाई मात्र पेटीकडे बघून न बघितल्यासारखं करत. टिकारामच्या ताटात तूप वाढताना त्यांचा हात दोनदा जाऊ लागला, आणि टिकाराम रोज संध्याकाळी परसात येऊन एकच विचारी, "भरली का, भाऊजी?" पहिल्यांदा कृष्णरावांना गंमत वाटली. मग दया आली. मग, खरं सांगायचं तर, थोडी शरम वाटली. पण पैज ती पैज.

पळस फुलला, झडला. मोह गळू लागला, गावातल्या बाया टोपल्या घेऊन पहाटे रानात जाऊ लागल्या, भय्याजींच्या पेटीतून माश्या पोत्यानं सांडाव्यात तशा निघू लागल्या. आणि कृष्णरावांच्या पेटीतून निघणाऱ्या माश्या दिवसेंदिवस कमी होऊ लागल्या. फेऱ्या कमी. गर्दी कमी. मग एका दुपारी पेटीच्या आतून तो ओळखीचा आवाज आला.

मोटारपंप.

कृष्णराव गुडघ्यावर बसून जाळीत डोकावले. पलीकडून फटीफटीला मोठाले डोळे लागले होते. काळे. आत! बाहेर यायला बघत होते.

"लपून बसले होते हरामखोर," कृष्णराव म्हणाले. पण हे म्हणताना त्यांना स्वतःलाही पटलं नाही. एवढे? एवढे दिवस? आणि पाठीवर एकाच्याही टिकली नाही?

तपासणी

कापगते साहेब आले तेव्हा परसात माणसं जमली. भय्याजी कुंपण ओलांडून आले. तशी गरज नव्हती, कुंपणावरून नीट दिसत होतं. सत्यभामाबाई पदर खोचून मोरीच्या दाराशी उभ्या राहिल्या. टिकाराम आंघोळ करून, शर्ट घालून आला होता, दुपारच्या आत.

साहेबांनी झाकण उचललं, चौकट वर काढली आणि तशीच धरून ठेवली.

"हे काय केलंत?"

चौकटीवर मध नव्हता. कामकरी माश्या दोन मुठी असतील. बाकी सगळ्या पोळ्याला वाटाण्याएवढे फुगीर उंचवटे आले होते, आणि सगळ्या चौकटीवर काळेच काळे, नुसते काळे, रांगत होते.

"जाळी केव्हा लावली?"

"माघात. माश्या उडून गेल्या, त्यानंतर. तुम्हीच म्हणालात कमी करा."

"कमी करा म्हणालो, लांजेवार! दार बंद करा म्हणालो नाही. पुढचं ऐकायच्या आत तुम्ही पळालात." साहेबांनी बायकांकडे पाहिलं, घसा खाकरला आणि जाळीला उद्देशून बोलू लागले. "माश्या उडाल्या त्या जुन्या राणीसोबत गेल्या. कंटाळून नाही, वाढल्या म्हणून. मागे नवी राणी झाली. नवी राणी एकदा बाहेर जाते. उंच. तिथे हे नर जमलेले असतात, गावोगावचे. तिथे तिचं… म्हणजे… तिचं लग्न होतं. मग ती परत येऊन जन्मभर अंडी घालते. तिचं अंग नरासारखंच मोठं, ती या जाळीतून जाणार कशी? राहिली आत. लग्नाशिवाय."

"मंग अंडी नाही घातली?" हे भय्याजी.

"घातली की. पण बिनलग्नाच्या राणीच्या अंड्यातून फक्त नर निघतात."

पेटीतून तेवढा आवाज येत होता.

मग सत्यभामाबाई पुढे आल्या. त्यांनी चौकट पाहिली, जाळी पाहिली, आणि शेवटी नवऱ्याकडे पाहिलं.

"म्हणजे तुम्ही नवरीले घरात कोंडलं," त्या सावकाश म्हणाल्या, "अन् वरातीच्या तोंडावर दार लावलं?"

"अन् वरात माह्या घरी जेवून राहिली," भय्याजी म्हणाले. "दोन महिने!"

गल्ली हसली. कापगते साहेबही हसले, सरकारी कामात हसायचं नसतं तरी. कृष्णरावांनी उगाच जाळीचे खिळे उपटायला घेतले. इतक्या लोकांसमोर काहीतरी करत असल्याचं दिसणं आवश्यक होतं. खिळेही निघेनात. टिकारामनं ते छान धरले होते.

हसला नाही तो एकटा टिकाराम.

गर्दी पांगल्यावर तो परसात आला आणि पेटीशेजारच्या खुर्चीत, कृष्णरावांच्या खुर्चीत, मटकन बसला.

"हरले तुम्ही, भाऊजी."

"हरलो. आता राहा. जन्मभर राहा. मी तोंड उघडणार नाही."

"कोणाले राहायचं हाये?" राजाचा आवाज फाटला. "वडसाची नाटक कंपनी मले बोलावून राहिली. पावसाळ्याआधी तालमी सुरू होतात. बाई जाऊ देत नाही. नाव काढलं का रडते, जेवत नाही, मायबाप गेले म्हणते. तिच्या रडण्याले जबाब नाही माह्याकडे. तुमची पैज आयकली, मले वाटलं, आता सुटलो! कंपनीले निरोप धाडला, मोहफुलं संपले का येतो. मी तं तुमच्या भरवशावर होतो नं भाऊजी! एक पेटी नाही भरता आली तुमाले?"

कृष्णरावांना जन्मात अनेकांनी निकामी ठरवलं होतं. खात्यानं, वरिष्ठांनी, नुकतंच सगळ्या गल्लीनं. पण हे त्यांना सगळ्यांत लागलं.

बाजाराचा दिवस

बाजाराच्या दिवशी सत्यभामाबाई पिशवी घेऊन बाहेर पडल्या, आणि कृष्णरावांनी टिकारामची ट्रंक स्वतःच्या डोक्यावर घेतली. मागच्या दारानं. परसातून. हे काम गुपचूप व्हायचं होतं.

यष्टी उभी होती. ट्रंक चढली, टिकाराम चढला. ड्रायव्हरनं चावी फिरवली आणि गाडी खोकून गप्प झाली. पुन्हा फिरवली. पुन्हा गप्प. कंडक्टरनं खाली उतरून सांगितलं, धक्का मारल्याशिवाय जमायचं नाही. बाजारातून सत्यभामाबाई कोणत्याही क्षणी परतणार होत्या. कृष्णराव लांजेवारांनी धोतराचा काचा मारला, गाडीला मागून खांदा लावला आणि भर बाजाराच्या दिवशी, अर्ध्या तालुक्यासमोर, आपल्या मेहुण्याला घराबाहेर ढकललं. अक्षरशः. गाडी सुरू झाली, धूर सोडून पवनीकडे गेली, आणि कृष्णराव रस्त्यात पालथे पडले. उठून पाहतात तर समोर भय्याजी, हातात कोथिंबीर.

भय्याजी तिथूनच वळले. त्यांना बाजारात घाईचं काम निघालं.

सत्यभामाबाई परतल्या तेव्हा कृष्णराव ओसरीवर, रिकाम्या बाजेवर बसले होते. त्यांनी भाषण तयार ठेवलं होतं. माणसाला ज्याचं त्याचं आकाश असतं, असं काहीसं. त्यात कलेविषयीही दोन वाक्यं होती.

"गाडी ढकलली म्हणे."

"बंद पडली होती," कृष्णराव म्हणाले. भाषणातलं हे वाक्य नव्हतं.

सत्यभामाबाईंनी पिशवी खाली ठेवली. खुंटीवर टिकारामचा शर्ट नव्हता तिकडे पाहिलं. कृष्णराव रडण्याची वाट पाहत राहिले.

"सोताच जातो म्हणे का तो?"

"सोताच. कधीचा म्हणून राहिला. तुझ्यासमोर हिंमत होत नव्हती त्याची."

"हं." मग पदरानं तोंड पुसून, "जेवून गेला का?"

कृष्णरावांनी बाजेची दोरी ओढून पाहिली.

"म्हणजे नाही. अन् तुम्ही?"

"मी जेवलो," कृष्णराव म्हणाले, आणि त्या संबंध प्रकरणात त्यांच्या तोंडून निघालेलं हे सर्वांत चुकीचं वाक्य होतं.

पवनीहून वडसाकडची गाडी संध्याकाळपर्यंत नसते, हे सत्यभामाबाईंना ठाऊक होतं. स्वयंपाक किती वेळात झाला ते कृष्णरावांना कळलं नाही. कॅरियरला डबा बांधला गेला, डब्यावर भाकरीचं फडकं, फडक्यावर लोणच्याची बाटली, आणि कृष्णराव चैत्राच्या उन्हात पवनीच्या रस्त्याला सायकल हाणत निघाले. खांदा ठणकत होता. गाव संपता संपता भय्याजींनी आंब्याखालून हाक मारली.

"कृष्णराव! आता तुम्ही कोठी चालले?"

कृष्णरावांनी उत्तर दिलं नाही. ते जोरात पायडल मारत होते. मागे डब्यातून वरण सांडायला लागलं होतं.